गच्चीबागेचा ग्रुप सुरू करताय? मग आधी एवढं वाचा

सकाळी सात वाजता कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या एका काकूंनी माझ्या पहिल्या गच्चीबाग ग्रुपवर कढीपत्त्याच्या पानाचा फोटो टाकला होता. पानामागे पांढरा, कापसासारखा थर. खाली लिहिलं होतं, 'हे काय झालंय? झाड वाचेल का?' त्यानंतर दुपारपर्यंत त्याच ग्रुपवर सुप्रभातची फुलं आली, दोन वाढदिवस आले, एका मुलाचा बायोडेटा आला, लसणाचे अकरा फायदे आले. तो थर पिठ्या ढेकूण नावाच्या किडीचा होता. पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुवायची आणि साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून संध्याकाळी फवारायचं, हे मला माहीत होतं. ग्रुपवरच्या आणखी वीस जणांना तरी माहीत असणार. पण तो फोटो आम्ही कुणी पाहिलाच नाही. आठ दिवसांनी काकूंनी ग्रुप सोडल्याची ओळ स्क्रीनवर आली, तेव्हा मी मागे जाऊन त्यांचा प्रश्न शोधला.

तो ग्रुप मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुरू केला होता. घरी बसलेले सगळेच कुंड्या भरत होते. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा २५६ जणांची होती आणि आम्ही ती तीन महिन्यांत गाठली. मला फार अभिमान वाटला होता. जानेवारी २०२१ मध्ये मी तो ग्रुप सोडला, कारण रात्री अकरा वाजता दोन अनोळखी माणसांचं भांडण सोडवत बसणं मला झेपेना.

जून २०२१ मध्ये चौदा जणांना घेऊन पुन्हा सुरुवात केली. तो ग्रुप आज चालू आहे आणि त्यात एकशे चाळीस जण आहेत. माझा त्यात रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जात नाही. पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय बदललं, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं गच्चीबागेची आहेत, पण तुमचा विषय सायकल असो, विणकाम असो की पक्षिनिरीक्षण, पायऱ्या जवळपास याच राहतील.

काय काय लागेल

- स्मार्टफोन. जमलं तर ग्रुपसाठी वेगळं सिम, कारण ॲडमिनचा नंबर बघता बघता सगळीकडे पोचतो.
- एक गूगल खातं. पुढे माहिती साठवायला लागेल.
- एक वही. नियम, कामांच्या पाळ्या, कुणाकडे कोणतं बी आहे हे लिहायला. मी अजून वहीच वापरते.
- तुमच्यासारखेच दोन उत्साही लोक. हे नसतील तर थांबा, आधी ते शोधा.

पैसे लागत नाहीत. कुणी 'ॲप बनवून देतो, वेबसाइट करून देतो' म्हणालं तर पहिलं वर्षभर नको म्हणा.

१. आधी स्वतःचा वेळ मोजा

किती लोक घ्यायचे हे ठरवण्याआधी तुम्ही रोज किती वेळ देऊ शकता ते ठरवा. एक आठवडा प्रामाणिकपणे बघा. नोकरी, स्वयंपाक, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं हे सगळं झाल्यावर उरतं किती? माझ्याकडे सकाळी चहाबरोबर पंधरा मिनिटं आणि रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं होती. ग्रुप त्यात बसायला हवा होता. पहिल्या वेळी मी उलटं केलं. ग्रुप आधी वाढवला आणि मग त्याच्यासाठी दिवसातला वेळ कापत गेले.

या दोन वेळा ग्रुपवर जाहीर करा. 'ॲडमिन सकाळी साडेसात ते पावणेआठ आणि रात्री नऊ ते सव्वानऊ या वेळेत मेसेज बघतील.' हे वाक्य लिहायला मला फार संकोच वाटला होता. लोकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट, उत्तर केव्हा मिळेल हे कळल्यामुळे खासगीत 'ताई, बघितलं का?' असं विचारणं थांबलं.

२. विषय एका वाक्यात बसवा

पहिल्या ग्रुपचं नाव 'हरित परिवार' होतं. त्यात काय बसत नाही? झाडं, पर्यावरण, आयुर्वेद, अध्यात्म, सगळंच बसतं. म्हणून सगळंच आलं.

दुसऱ्या ग्रुपचं वाक्य असं आहे: 'कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत गच्चीवर, बाल्कनीत, परसात भाजी लावणाऱ्यांसाठी.' यात गाव आहे, जागा आहे आणि पीकही आहे. गुलाबाच्या कलमांचा प्रश्न आला तर आम्ही नम्रपणे सांगतो की इथे भाजीपाल्याचं बोलतो.

गावाचं नाव घालण्यामागे ठोस कारण आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस उघडतच नाही. कुंडीतलं पाणी निचरलं नाही तर मुळं कुजतात. उत्तर भारतातला कुणीतरी व्हिडिओत सांगतो की रोज पाणी घाला, तो त्याच्या हवेसाठी बरोबर असतो. शेजारच्या गल्लीत मायाळूची भाजी कशी आली, हे आम्हाला त्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं काम इथे आठवतं. मूळचे गणिताचे प्राध्यापक, पण त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. द्राक्ष बागायतदारांसारखे साधे शेतकरी स्वतःच्या रानात प्रयोग करत आणि काय केलं, काय झालं हे एकमेकांना सांगत. तेव्हा मोबाइल नव्हते. मी ग्रुप चालवताना तोच धागा धरायचा प्रयत्न करते: ऐकीव माहिती कमी, स्वतःच्या कुंडीत काय झालं ते जास्त.

३. जागा एकच निवडा

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक असं तिन्हीकडे एकदम सुरू करू नका. तीन ठिकाणी तेच प्रश्न येतात आणि तिन्हीकडे उत्तरं द्यायला तुम्ही एकच असता.

आमच्यासाठी व्हॉट्सॲप बरोबर होतं, कारण साठीच्या पुढच्या लोकांकडेही ते असतं आणि नवीन काही शिकावं लागत नाही. आता एका ग्रुपमध्ये १,०२४ लोक मावतात, पण तो आकडा विसरून जा. व्हॉट्सॲपची एक खोट मात्र नीट समजून घ्या. ग्रुपमधल्या प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. बायकांच्या दृष्टीने हा गंभीर मुद्दा आहे आणि ग्रुपमध्ये घेण्याआधी तो स्पष्ट सांगायला हवा. टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो आणि नवा माणूस जुनं संभाषण वाचू शकतो, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे ते ॲपच नव्हतं.

व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'कम्युनिटी' ही सोय आणली. तिच्याखाली अनेक ग्रुप एकत्र ठेवता येतात. सोय चांगली आहे, पण पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

४. पहिली चौदा माणसं हाताने निवडा

लिंक फिरवून माणसं गोळा करू नका. फोन करा. मी एकेकाला फोन करून चौदा जण जमवले. त्यात चौघं मुरलेले बागवाले होते. एक कृषी पदवीधर मुलगी होती. बाकीचे नवशिके, पण प्रश्न विचारायला न लाजणारे. नुसते जाणकार घेतले तर नवशिके गप्प बसतात. नुसते नवशिके घेतले तर प्रश्न तसेच पडून राहतात.

फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या: ग्रुप कशासाठी आहे, तुमचा नंबर बाकीच्यांना दिसेल, आणि सुप्रभात चालणार नाही. दोघांनी नाही म्हटलं. ते बरंच झालं.

न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये टाकू नका. अगदी सख्ख्या मावशीलाही नाही.

५. नियम पाच ओळींत, आणि ते पाळायची रीत आधीच ठरलेली

आमचे नियम असे:

१. फक्त भाजीपाल्याची लागवड, माती, खत, कीड, बियाणं.
२. सुप्रभात, वाढदिवस, सणांच्या शुभेच्छा, राजकारण, धर्म, फॉरवर्ड नाही.
३. प्रश्न विचारताना फोटो, झाड किती दिवसांचं, ऊन किती तास, हे लिहायचं.
४. रात्री दहा ते सकाळी सात मेसेज नाही.
५. ग्रुपमधले नंबर बाहेर द्यायचे नाहीत आणि खासगीत जाहिरात पाठवायची नाही.

नियम लिहिणं सोपं आहे. अवघड असतं ते सत्तर वर्षांच्या काकांना सांगणं, की तुमचं विठ्ठलाचं चित्र इथे नको. ते चित्र त्यांनी मनापासून पाठवलेलं असतं. पहिल्या ग्रुपवर मी सगळ्यांसमोर लिहिलं होतं, 'कृपया असे मेसेज टाकू नयेत.' कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण ते कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं. ते काका पुन्हा बोलले नाहीत. त्यांच्याइतकं आळूबद्दल जाणणारं दुसरं कुणी ग्रुपवर नव्हतं. ती चूक मला अजून टोचते.

आता आमची रीत ठरलेली आहे. पहिल्या वेळी खासगीत, शक्यतो फोन करून सांगायचं. मी साधारण असं बोलते: 'काका, चित्र सुंदर आहे, मी स्वतःकडे ठेवलंय. पण ग्रुपवर कुणाचा किडीचा प्रश्न त्याखाली दबून जातो, म्हणून तिथलं काढते, राग मानू नका. आणि तुमच्या आळूचा फोटो टाका ना, सगळे विचारतायत.' हा शेवटचा भाग महत्त्वाचा. माणसाला गप्प करायचं नसतं, त्याचं बोलणं योग्य जागी वळवायचं असतं. दहातल्या नऊ वेळा इथेच विषय संपतो.

दुसऱ्या वेळी मेसेज काढून टाकायचा आणि दोन ओळी खासगीत लिहायच्या. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. तिसऱ्या वेळी ग्रुपमधून काढायचं. काढण्याआधी बाकीच्या ॲडमिनना विचारायचं आणि काढल्यावर ग्रुपवर चर्चा करायची नाही.

निवडणुकीच्या काळात जास्त सावध राहा. पंधरा दिवस आधीच एक मेसेज टाका: 'पुढचा महिनाभर राजकीय मजकूर कोणत्याही बाजूचा असला तरी लगेच काढला जाईल.' बाजू न बघता काढा. तुम्हाला पटणारा मजकूर असेल तर तो सगळ्यांत आधी काढा.

६. पाच मिनिटांत करायची सेटिंग

ग्रुपच्या नावावर टॅप केलं की परवानग्यांचा भाग सापडतो. तिथे नाव आणि फोटो बदलण्याची मुभा फक्त ॲडमिनला द्या. नवे सदस्य जोडण्याची मुभाही फक्त ॲडमिनला. 'नव्या सदस्यांना मंजुरी' हा पर्याय चालू करा, म्हणजे लिंक कुठे पोचली तरी तुमच्या होकाराशिवाय कुणी आत येणार नाही. मेसेज पाठवण्याची मुभा सगळ्यांना ठेवा. भांडण पेटलं तर ती तासभर फक्त ॲडमिनपुरती करता येते. असा तासभराचा विसावा आम्ही चार वर्षांत दोनदाच घेतला.

नियम ग्रुपच्या वर्णनात टाका. एखादा मेसेज वर पिन करून ठेवता येतो. आम्ही तिथे चालू महिन्यात काय पेरायचं ते ठेवतो आणि तीस दिवसांनी बदलतो. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर मागच्या पावसाळ्यातली उत्तरं हातची जातील.

स्वतःच्या फोनमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा आणि ग्रुप म्यूट करा. ॲडमिनने ग्रुप म्यूट करण्यात काही गैर नाही.

७. आठवड्याला एक ठरलेली गोष्ट

रोज काहीतरी टाकत राहण्याची धडपड माणसाला थकवते. आमच्याकडे रविवार ठरलेला आहे: 'आज काय काढलं?' त्या दिवशी ज्याने जे तोडलं असेल त्याचा फोटो टाकायचा. चार मिरच्या असल्या तरी चालतात. बुधवारी 'अडलेलं झाड', म्हणजे आठवड्याचा एक कठीण प्रश्न. बस्स. मधल्या दिवसांत ग्रुप शांत असला तर शांत असू द्या. सुरुवातीला मला त्या शांततेची भीती वाटायची. वाटायचं, ग्रुप मेला.

याबाबत एक गोष्ट कळल्यावर माझा जीव हलका झाला. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता. ऑनलाइन समूहात साधारण शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जणच सतत लिहितो. आमच्या ग्रुपचं चित्र याहून बरं आहे, पण फार वेगळं नाही. न बोलणाऱ्यांना 'काहीतरी लिहा ना' म्हणून टोचू नका. उत्तरेश्वर पेठेतल्या एका वहिनींनी आठ महिन्यांत एकही शब्द लिहिला नव्हता. मग एका रविवारी त्यांचा फोटो आला. पत्र्यावर चढवलेला वेल आणि त्याला लोंबणारी सात घोसाळी. खाली लिहिलं होतं, 'सगळं इथलंच वाचून केलं.'

८. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवा

कोणत्याही ग्रुपवर आठ-दहा प्रश्नच फिरून फिरून येतात. आमचे बघा: मिरचीची पानं का आकसतात, टोमॅटोची फुलं का गळतात, कोथिंबीर का उगवत नाही, खताच्या डब्याला वास का येतो, कुंडीत मुंग्या का होतात. यांची उत्तरं दर वेळी नव्याने लिहाल तर सहा महिन्यांत कंटाळाल.

एक गूगल डॉक करा. प्रश्न आला, चांगलं उत्तर मिळालं, की तिथे उतरवा. उत्तर देणाऱ्याचं नाव त्याला विचारून घाला. उत्तर लहान आणि करता येण्याजोगं हवं. उदाहरणार्थ: 'डब्याला वास येतोय म्हणजे ओलं जास्त झालंय. दोन मुठी वाळका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, हलवा, झाकण थोडं उघडं ठेवा.' डॉक सगळ्यांना वाचता येऊ द्या, पण लिहिण्याची मुभा तिघांनाच.

दुसरी युक्ती म्हणजे मेसेजमध्ये ठरलेले शब्द वापरणं. आम्ही #कीड, #माती, #बी असे तीनच शब्द ठरवलेत. व्हॉट्सॲपच्या शोधात तो शब्द टाकला की जुनं सगळं समोर येतं. दहा शब्द ठरवले तर कुणीच वापरत नाही, हा अनुभव घेऊन झालाय.

९. थकण्याआधी कामं वाटा

ही पायरी मी सर्वांत उशिरा शिकले. तुम्ही ती सर्वांत आधी शिका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्या ग्रुपवर मी एकटीच ॲडमिन होते. मला वाटायचं की दुसऱ्याला दिलं तर ते बिघडवतील. प्रत्येक प्रश्नाला मीच उत्तर द्यायचे, तेही दुसऱ्या कुणाच्या आधी. त्यामुळे झालं काय, की लोक एकमेकांशी बोलायला शिकलेच नाहीत. सगळे धागे माझ्याकडे यायचे. मी दोन दिवस तापाने पडले तर ग्रुपही पडायचा.

आता तीन ॲडमिन आहेत. एक जण नव्या सदस्यांना घेतो, नियम सांगतो आणि ओळख करून देतो. एक जण नियमभंग बघते. तिसरी गूगल डॉक सांभाळते. दर तीन महिन्यांनी पाळी बदलते आणि एकाला सुट्टी मिळते. त्या जागी ग्रुपमधला नवा माणूस येतो. सुट्टी म्हणजे खरी सुट्टी. माझ्या सुट्टीच्या तीन महिन्यांत मी एकदाही कुणाला 'असं नाही, तसं करा' म्हटलं नाही. जीभ चावून गप्प बसले, पण बसले.

प्रश्न आला की मी स्वतःवर एक बंधन घालून घेतलंय: संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं नाही. बहुतेक वेळा तोवर कुणीतरी देतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं देतं. रात्रीपर्यंत कुणीच दिलं नाही तर मी उत्तर देत नाही, ज्याला माहीत असेल त्याला हाक मारते: 'दादा, तुमच्या दुधीला असंच झालं होतं ना?'

१०. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष भेटा

फोनवरची ओळख एका मर्यादेपलीकडे जात नाही. आम्ही मृगाच्या आधी म्हणजे मेच्या शेवटच्या रविवारी, आणि दिवाळीनंतर टाऊन हॉलच्या बागेत भेटतो. भाषण नाही, पाहुणे नाहीत, हार-तुरे नाहीत. सतरंजी, चहाचा थर्मास आणि बियांच्या पुड्या.

पुड्या जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या. त्यावर पेनाने तीन गोष्टी लिहायच्या: भाजीचं नाव, बी कधी धरलं आणि कुणाच्या बागेतलं. घोसाळ्याचं काळं चपटं बी, वालाचे पांढरे-तांबूस दाणे, अंबाडीचं करडं बारीक बी. फुलेवाडीचे एक आजोबा राखेत घोळवलेलं बी आणतात, त्यांच्या आईची तशी पद्धत होती. ज्याने पुडी नेली त्याने पुढच्या वर्षी दोन पुड्या परत आणायच्या, एवढाच व्यवहार. बाजारातल्या संकरित वाणाचं बी मात्र आम्ही ठेवत नाही. ते धरून पेरलं तर पुढच्या पिढीत तसंच फळ येईल याचा भरवसा नसतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती देशी वाणांचं बी जपण्याच्या कामासाठी. त्यांच्या कामाची आणि आमच्या सतरंजीची बरोबरी नाही. पण घरात धरलेलं बी शेजारणीला द्यायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत शहरात पुन्हा सुरू करता येते, एवढं आम्ही बघितलंय.

पहिल्या भेटीला नऊच जण आले होते. त्या नऊ जणांनीच पुढे ग्रुप उचलून धरला.

११. पैसे, विक्री, फसवणूक आणि कायदा

पैसे गोळा करू नका. थर्मासचा चहा घरून आणा. कोकोपीट एकत्र मागवायचं असेल तर ज्याला हवं त्याने थेट दुकानदाराला पैसे द्यावेत, ॲडमिनच्या खात्यातून एक रुपयाही फिरू नये.

विक्रेत्यांपासून सावध राहा. आमच्याकडे एक जण बागवाला म्हणून आला आणि दोन दिवसांत ऐंशी जणांना खासगीत खताची जाहिरात गेली. तेव्हापासून नव्या माणसाला घेताना त्याच्या बागेचा एक फोटो मागतो. फोटो पाठवायला बागवाल्याला आनंदच होतो.

लग्नपत्रिका किंवा बँकेची सूचना म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर ती उघडायची नाही, लगेच काढायची आणि ज्याच्या नंबरवरून आली त्याला फोन करायचा, कारण बहुतेक वेळा त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायला सांगा. हा क्रमांक वर्णनात लिहून ठेवा.

'सदस्याने काही वाईट टाकलं तर ॲडमिनला पोलीस धरतील का?' हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. तरीही असा मजकूर दिसताक्षणी काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

संस्था नोंदवायची का? बँक खातं, देणगी, अनुदान यांची खरी गरज पडेपर्यंत नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाशी संबंध येतो, दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. ते वेगळंच काम आहे.

१२. नवीन विषय आला तर वेगळा ग्रुप, आणि त्याला शेवटची तारीख

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा आमचा ग्रुप महिन्याभराचा होता. भाजीच्या ग्रुपवर कुठे पाणी आलंय, कुणाकडे राहायची सोय आहे असे मेसेज सुरू झाले. ते थांबवणं माणुसकीला धरून नव्हतं आणि नियम सोडणंही बरोबर वाटेना. आम्ही 'पूर-मदत, ३१ जुलैपर्यंत' या नावाचा दुसरा ग्रुप काढला. पाणी ओसरलं, ३१ तारखेला सगळ्यांचे आभार मानले आणि ग्रुप बंद केला. तेव्हापासून सहल असो की एकत्र खरेदी, वेगळा ग्रुप आणि त्याच्या नावातच तारीख.

मूळ ग्रुप दीडशेच्या जवळ आला की आम्ही नवे सदस्य घेणं थांबवतो. वाट बघणाऱ्यांची यादी वहीत आहे. यादीतले पंधरा झाले आणि त्यांच्यातला एक जण ॲडमिन व्हायला तयार झाला की त्यांचा वेगळा ग्रुप करून देतो, आमचे नियम आणि डॉक त्यांना देतो. इचलकरंजीत असाच एक सुरू झालाय आणि तो आमच्यापेक्षा नेटका चालतो.

पहिल्या दिवशी टाकायचा मेसेज

हवा तर जसाच्या तसा घ्या, फक्त गाव आणि विषय बदला:

'नमस्कार. आपण चौदा जण आहोत. हा ग्रुप कोल्हापूर परिसरात घरी भाजी लावणाऱ्यांसाठी आहे. नियम वर्णनात आहेत, पाचच आहेत, आधी वाचा. प्रत्येकाने आज तीन ओळी लिहा: तुम्ही कुठे राहता, किती कुंड्या आहेत, आणि सध्या कोणतं झाड त्रास देतंय. त्या झाडाचा फोटो टाका. उत्तर येत असेल तर ॲडमिनची वाट न बघता लिहा. मी रात्री नऊ वाजता बघेन.'